घाट, भाकरी आणि साडेचार तास: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ४३, उंची पाच फूट तीन इंच, माहेर सांगलीचं. पाच वर्षांपूर्वी माझं वजन ८३ किलो होतं, आज ६६ आहे. या काळात सातारा हिल हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) तीनदा धावले आणि मुंबईची पूर्ण मॅरेथॉन (४२.२ किलोमीटर) एकदा, ५ तास १२ मिनिटांत. येत्या जानेवारीत तीच साडेचार तासांत धावायची आहे.

साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकाच्या चढावर, शाळेत, लग्नाच्या पंगतीत लोक भेटतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. घाईत उत्तर अर्धवट राहतं आणि अर्धवट उत्तरानं नुकसान होऊ शकतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायलाच हवं, तिथे तसं लिहिलं आहे.

धावल्यानं वजन उतरतं का?

उतरतं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. माझ्या ६६ किलोला दहा किलोमीटरमागे ६६० च्या आसपास. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. भागाकार करून बघा: एक किलो चरबी जाळायला मला साधारण ११७ किलोमीटर धावावं लागेल. म्हणजे जवळजवळ सातारा ते पुणे. परतताना पोवई नाक्यावर थांबून एक वडापाव आणि गोड चहा घेतला, की सकाळचे पाच किलोमीटर पुसले गेले.

वजन ताटातून उतरतं. धावण्यानं उतरलेलं वजन टिकतं, साखर ताळ्यावर येते, झोप लागते. माझी एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१ होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता ५.४ आहे. वजनाच्या आकड्यापेक्षा मला या आकड्याचं मोल जास्त वाटतं.

मग तुमचे १७ किलो कसे गेले?

पहिले आठ महिने मी धावलेच नाही, फक्त चालले. राजवाड्यापासून चार भिंतीपर्यंत आणि परत. घरात तीन गोष्टी बदलल्या. शाळेत दिवसाला पाच कप साखरेचा चहा व्हायचा, तो एकावर आणला. रात्रीचं जेवण साडेनऊचं साडेसातला आणलं आणि भाताची जागा भाकरीला दिली. तिसरी गोष्ट तेल. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागायचं, ते अडीचवर आलं. अडीच किलो तेल म्हणजे साडेबावीस हजार किलोकॅलरी, माणशी रोज दीडशे. चवीत फरक पडला म्हणून पहिला महिना घरात कुरकुर झाली. नंतर सासूबाईंनीच फोडणीचा चमचा लहान केला.

पहिल्या वर्षी नऊ किलो गेले, दुसऱ्या वर्षी फक्त दोन. त्यानंतर घाई केली आणि ती अंगाशी आली. ते पुढे लिहिलं आहे.

कधीच धावले नाही. सुरुवात कशी करू?

एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. दर आठवड्याला धावणं थोडं वाढवा, चालणं थोडं कमी करा. तीन महिन्यांत पाच किलोमीटर न थांबता जमतात.

यात एक धोका आहे आणि तो नव्या माणसाला दिसत नाही. हृदय आणि फुप्फुसं पाच-सहा आठवड्यांत तयार होतात, दम लागायचा कमी होतो आणि वाटतं की आता कितीही धावू. हाडं आणि स्नायूबंध मात्र कित्येक महिने घेतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नडगी दुखायला लागलेली माणसं मी सर्वांत जास्त बघते. दम आहे म्हणून अंतर वाढवू नका.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. धावताना छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर त्याच जागी थांबायचं.

वेग किती ठेवायचा?

बोलता येईल इतका. मी एकोणतीसचा पाढा म्हणते. एका दमात दोन-तीन घरं म्हणता आली तर वेग बरोबर, प्रत्येक घराला श्वास घ्यावा लागला तर जास्त. आठवड्यातलं चार-पंचमांश धावणं याच सावकाश वेगानं व्हायला हवं. या वेगात शरीर चरबी वापरायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि दुसऱ्या दिवशी पाय जड होत नाहीत. शेजारून कुणी भर्रकन पुढे गेलं तर जाऊ द्या.

वजन कमी करणं आणि मॅरेथॉनची तयारी एकत्र करू का?

नाही. हे पान मी मुख्यतः या उत्तरासाठी लिहिलं आहे.

तिसऱ्या वर्षी माझं वजन ७२ होतं. आठवड्याला ५० किलोमीटर धावत होते आणि वाटलं, आणखी सहा किलो उतरले तर घाटात किती हलकं वाटेल. एका आहारसल्लागाराकडे गेले. मी किती धावते हे न विचारता मला १,२०० किलोकॅलरीचा तक्ता मिळाला. मीही तो मुकाट्यानं पाळला. दहा आठवड्यांत चार किलो गेले. सगळे कौतुक करत होते.

आता त्या दहा आठवड्यांचा हिशेब मांडते. ७२ किलो गुणिले ५० किलोमीटर म्हणजे आठवड्याला ३,६०० किलोकॅलरी, रोजच्या साधारण ५१५. खात होते १,२००. म्हणजे श्वास, हृदय, मेंदू, हाडांची डागडुजी, पाळी, वर्गात दिवसभर उभं राहणं, या सगळ्यासाठी उरत होत्या ६८५. चरबी वगळून उरणारं माझं शरीर साधारण ४५ किलोचं. त्याच्या दर किलोमागे मिळाल्या १५. खेळाडूंच्या आहारशास्त्रात ३० च्या खाली गेलं की धोक्याची घंटा मानतात आणि ४५ पुरेसं समजतात. मी धोक्याच्या त्या ३० च्याही निम्म्यावर जगत होते.

शरीरानं आधी सांगून बघितलं. पाळी दोन-अडीच महिने आली नाही, मी समजले की वयामुळे असेल. सकाळी उठताना सांगाडा थकलेला वाटायचा. हात गार पडायचे. वर्गात मुलांवर चिडत होते, आणि तो माझा स्वभाव नाही. सावकाश धावण्याचा वेग किलोमीटरमागे चाळीस सेकंदांनी मंदावला, तेव्हा मी मेहनत वाढवली. अकराव्या आठवड्यात साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटातून उतरताना डाव्या नडगीत एका बोटाएवढ्या जागी कळ आली. एमआरआयमध्ये हाडाला ताणाची सुरुवातीची चीर दिसली. सहा आठवडे धावणं बंद, नंतर सहा आठवडे चालणं-धावणं. त्या वर्षीची हिल मॅरेथॉन मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघितली.

कमी इंधनावर जास्त कष्ट केले की शरीर काटकसर करतं आणि ती काटकसर हाडं, हार्मोन आणि प्रतिकारशक्ती यांच्यात होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली याला स्वतंत्र नाव देऊन मांडणी केली आणि हे पुरुषांनाही होतं असं स्पष्ट केलं. पुरुषांना पाळीसारखी खूण नसते, म्हणून त्यांचं लक्षात यायला आणखी उशीर होतो.

आता माझ्या वर्षाचे दोन भाग असतात. मॅरेथॉन झाल्यावर फेब्रुवारी ते मे या महिन्यांत धावणं कमी असतं, तेव्हा रोजच्या गरजेपेक्षा ३०० किलोकॅलरी कमी खाते. महिन्याला एक किलो, त्याहून जास्त नाही. जूनपासून तयारी सुरू झाली की वजनकाटा कपाटावर जातो आणि ताट भरलेलं असतं. दुखापतीनंतर पुन्हा ७१ झालेलं वजन असं ६६ वर आलं, दोन उन्हाळ्यांत.

तुम्ही रोज काय खाता?

घरात जे शिजतं तेच. सकाळी धावण्याआधी एक केळं. आल्यावर दोन अंडी, एक ज्वारीची भाकरी, कपभर दूध. दुपारी डब्यात दीड भाकरी, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, कांदा, ताक. संध्याकाळी मूठभर फुटाणे. रात्री भाकरी, पालेभाजी, आमटी किंवा पिठलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठं धावणं असेल तर भात वाढवते.

प्रथिनांकडे मुद्दाम बघावं लागतं. वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम धरलं तर मला शंभर ग्रॅम हवीत. वाटीभर शिजलेल्या उसळीत आठ-नऊ ग्रॅम, दोन अंड्यांत बारा. नुसत्या भाकरी-भाजीवर शंभर होत नाहीत. पूर्ण शाकाहारी घरात दही, पनीर, सोयाबीन यांची रोजची जागा ठरवून ठेवावी लागते. शेंगदाण्याची चटणी मला जिवापाड आवडते, पण तिच्यात प्रथिनांपेक्षा तेल जास्त आहे, म्हणून ती चटणीएवढीच.

कंदी पेढे सोडले का?

नाही. लांब धावण्याच्या दिवशी एक खाते.

लांब धावताना काय खायचं? जेल (पुडीत मिळणारं साखरेचं घट्ट मिश्रण) लागतंच का?

नव्वद मिनिटांच्या आत असेल तर काही नको. त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. कारण यकृत आणि स्नायूंतला साखरेचा साठा दीड ते दोन हजार किलोकॅलरी इतकाच असतो. त्यावर साधारण तीस-बत्तीस किलोमीटर निघतात आणि मग अचानक पायातलं बळ गेल्यासारखं होतं. पहिल्या मुंबईत मला हे चौतिसाव्या किलोमीटरला झालं. पुढे पेडर रोडचा चढ होता, तो चालत चढले.

जेल सोयीचं असतं, पण तेच हवं असं नाही. माझ्या माहेराजवळ तासगाव आहे, तिथला बेदाणा घरात बाराही महिने असतो. ४० ग्रॅम बेदाण्यांत ३० ग्रॅम कर्बोदकं येतात. कमरेच्या पिशवीत छोट्या पुड्या करून ठेवते आणि दर वीस मिनिटांनी वीस-पंचवीस दाणे चावून पाण्याबरोबर गिळते. केळंही चालतं. गूळ-शेंगदाण्याची चिक्की धावताना नको. तेलामुळे ती पोटात रेंगाळते. काहीही असो, सरावात चार-पाच वेळा खाऊन बघितल्याशिवाय शर्यतीत तोंडात घालू नका. मॅरेथॉनच्या वेगाला बेदाणे चावताना मला धाप लागते, म्हणून या वेळी बेदाणे पंचवीस किलोमीटरपर्यंत आणि पुढे जेल असं ठरवलं आहे.

पाणी किती प्यावं?

स्वतःचं मोजून घ्या. धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगानं वजन करा. मधे पाणी प्यायलं नसेल तर जितके किलो कमी, तितके लिटर घाम. एप्रिलमध्ये सांगलीत हरिपूर रस्त्यावर तासाभरात माझा १.२ लिटर घाम जातो, डिसेंबरमध्ये साताऱ्यात त्याच्या निम्मा. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट होऊ नये एवढं प्यायचं. घामाहून जास्त पाणी पिणं जास्त घातक आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि त्यानं माणसं दगावली आहेत. धावून वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायलात. दोन तासांच्या वर धावायचं असेल तर पाण्यात मीठ-साखर-लिंबू. शर्यतीच्या सकाळी दुखू नये म्हणून वेदनाशामक गोळी घेणारे बरेच भेटतात. कृपा करून घेऊ नका, त्या गोळ्या घामेजलेल्या शरीरात मूत्रपिंडावर भार टाकतात.

यवतेश्वरच्या घाटाची भीती वाटते. हिल मॅरेथॉन जमेल का?

जमेल, पण उताराची तयारी करा. सगळे चढाचं विचारतात. शहरातून निघून समर्थ मंदिर, मग यवतेश्वरचा घाट, पुढे कासच्या दिशेला जाऊन माघारी. म्हणजे पहिला अर्धा बहुतांशी चढ आणि दुसरा अर्धा उतार. चढावर वेग विसरून धाप सांभाळायची, पावलं आखूड, नजर दहा फुटांवर, चालावं लागलं तर खुशाल चालायचं. उतारावर लोक मोकळे सुटतात आणि तिथेच मांड्या जातात. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच जोर लावून ब्रेकचं काम करतो, त्यानं तंतूंना बारीक इजा होतात आणि दोन दिवस जिना उतरता येत नाही. यावर उपाय एकच: आधी थोडा उतार धावून ठेवणं. एकदा अशी इजा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच उतार बराच सहज सोसतो. शर्यतीच्या सहा आठवडे आधीपासून, आठ-दहा दिवसांतून एकदा, दोन-तीन किलोमीटर उतार सावकाश धावा. शेवटचा उतार शर्यतीच्या दहा दिवस आधी.

सप्टेंबरमध्ये धुकं आणि भुरभुर पाऊस असतो, वळणावर डांबर निसरडं होतं. गुळगुळीत झालेले बूट त्या दिवशी घालू नका.

सांगलीत चढच नाही. आम्ही काय करायचं?

दर पंधरवड्याला मिरजेपुढच्या दंडोबाच्या डोंगरावर जा. बाकी दिवस आयर्विन पूल, उड्डाणपूल, इमारतीचे जिने. पण सपाट रस्ता ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. एकसारखा वेग धरायला सांगलीइतका चांगला रस्ता मला साताऱ्यात सापडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी जाते ती त्याचसाठीही. वेगाची परीक्षा मी तिथेच घेते.

बूट कोणते घेऊ?

पायाला बसतील ते. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा दुकानात जा, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, दुकानातच धावून बघा. सहा-सातशे किलोमीटरनंतर बदला. महागडे कार्बन प्लेटचे बूट पहिल्या दोन वर्षांत नकोत.

गुडघे खराब होतील असं सगळे सांगतात.

हौसेनं धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं संशोधनात दिसलेलं नाही. गुडघ्यावर जादा वजनाचा भार मोठा असतो. माझे ८३ किलोला दुखायचे, आता दुखत नाहीत. मात्र आधीच झीज असेल किंवा गुडघा सुजत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. आठवड्यातून दोनदा बैठका आणि एका पायावर उभं राहण्याचे व्यायाम करायला हवेत. मी अजूनही त्यांचा कंटाळा न करता करते.

पाळी, रक्त कमी असणं, यांचं काय?

पाळीत धावायला हरकत नाही. पहिल्या दिवशी मी अंतर निम्मं करते. पाळी लांबली किंवा बंद झाली तर ते यशाचं लक्षण समजू नका, वर लिहिलेलं पुन्हा वाचा आणि डॉक्टरांकडे जा.

रक्ताबद्दल: माझं हिमोग्लोबिन १०.४ होतं, फेरिटिन ९. चढावर धाप लागायची ती सरावाच्या अभावानं लागते असं समजून मी वर्षभर स्वतःला दोष दिला. नुसतं हिमोग्लोबिन तपासून थांबू नका, साठ्यातलं लोह सांगणारं फेरिटिनही बघा. गोळ्या डॉक्टरांच्या मात्रेनुसार. जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. उसळीवर लिंबू पिळा आणि चहा तासाभरानं घ्या.

पहाटे अंधारात एकटी बाई कशी धावते?

शक्यतो एकटी नाही. आम्ही चौघी आहोत. चमकणारी पट्टी, डोक्याला दिवा, रहदारीच्या समोरून धावायचं म्हणजे गाडी दिसते. कानात गाणी नाहीत. कुत्री आली की धावणं थांबवून, त्यांच्याकडे पाठ न करता हळू चालत पुढे जायचं. चावलंच तर साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस. पहिलं वर्ष शेजारच्या बायका गॅलरीतून बघायच्या. त्यांतली एक आता आमच्यात चौथी आहे.

पायी वारी करते. मॅरेथॉन जमेल?

आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्या माणसाची चिकाटी आणि पाय दोन्ही तयार असतात. लोणंद-फलटणच्या उन्हात तुम्ही जे केलं आहे ते माझ्याच्यानं झालेलं नाही. हाडांना धावण्याच्या आदळण्याची सवय मात्र नसते, ती सावकाश लावा.

मुलगी तेरा वर्षांची आहे. मॅरेथॉनला उतरवू का?

नको. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला अठरा वर्षं पूर्ण लागतात, ते योग्यच आहे. तिला खो-खो खेळू द्या, ८०० मीटर पळू द्या. ललिता बाबर आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची. दुष्काळी भागातली मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली, मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडे) वळली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली होती. मी ती शर्यत वर्गातल्या मुलींना दाखवते.

साडेचार तासांचं लक्ष्य कशावरून ठरवलं?

सपाट रस्त्यावरच्या हाफच्या वेळेची दुप्पट करायची आणि वर दहा ते वीस मिनिटं धरायची. गेल्या दिवाळीत सांगलीत मी २ तास ८ मिनिटांत हाफचं अंतर धावले. म्हणजे ४.२६ ते ४.३६. साडेचार बरोबर मधे येतात. किलोमीटरमागे ६ मिनिटं २४ सेकंद.

सोमवार सुट्टी. मंगळवार आणि शुक्रवार आठ-दहा किलोमीटर पाढ्याच्या वेगानं. बुधवारी शाहू स्टेडियमवर किलोमीटरचे पाच-सहा वेगवान फेरे किंवा घाट. गुरुवारी व्यायाम, शनिवारी हलके पाच. रविवारी लांब, १८ पासून चढत ३२ पर्यंत. ३२ च्या पुढे सरावात जात नाही, तीसच्या वरचं धावणं तीनदाच करते आणि शेवटचं शर्यतीच्या तीन आठवडे आधी. मग अंतर उतरवत आणायचं. सगळ्यांत जास्त भार ६० किलोमीटरच्या आठवड्याचा.

मुंबईत पहिले दहा किलोमीटर ६.३५ नं, मग ६.२० नं. गेल्या वेळी पहिले दहा ६.१० नं धावले होते आणि त्याची परतफेड पेडर रोडवर केली.

शर्यतीच्या आठवड्यात वजन दीड किलोनं वाढलं. काय चुकलं?

काही नाही. भात-भाकरी वाढवली की स्नायूंत साखरेचा साठा भरतो आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. चारशे ग्रॅम साठ्याबरोबर सव्वा लिटर पाणी. ते बत्तिसाव्या किलोमीटरला उपयोगी पडतं. जेवण कमी करू नका.

एकादशीला, नवरात्रात काय करता?

एकादशीला सावकाश पाच किलोमीटर किंवा सुट्टी. नवरात्राचे नऊ दिवस मी आता उपास धरत नाही, उठता-बसता एवढंच. तो काळ तयारीच्या ऐन मधे येतो. सासूबाईंना हाडाची चीर आठवते, त्यांनीच सुचवलं.

अजून किती किलो उतरवणार?

काही नाही. भारतीयांसाठी २३ च्या वर बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) गेला की वजन जास्त धरतात, माझा सव्विसाच्या जवळ आहे हे मला माहीत आहे. कंबर ७९ सेंटिमीटर, साखर ठीक, पाळी वेळेवर, फेरिटिन ४८. फेब्रुवारीत डॉक्टरांना दाखवून बघेन. तोवर काटा कपाटावर आहे.

तुमच्याबरोबर यायला चालेल का?

रविवारी पहाटे पाच वाजता समर्थ मंदिराच्या चौकात. पाण्याची बाटली, केळं आणि पावसाळा असेल तर कोरडे मोजे घेऊन या. पहिल्या दिवशी यवतेश्वरच्या पहिल्या मोठ्या वळणापर्यंतच जायचं, तेही चालत.